घरोघरच्या आरोग्यसेवेचे कसब : प्रस्तावना

गावातील एखादी स्त्री गरोदर असल्याची पहिली नोंद जिच्या वहीत होते ती आशा स्वयंसेविका, लसीकरण सत्राच्या दिवशी लसींचा डबा सांभाळत वाडीवर पोहोचणारी आरोग्यसेविका, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेत फिरणारा आरोग्यसेवक, बालकांची वजने घेऊन पोषण आहार वाटणारी अंगणवाडी सेविका आणि शहरात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस ठराविक वेळाने बदलणारी पगारी सेविका, या सर्वांच्या कामाचा एकत्र विचार मराठीत फारसा झालेला नाही. त्यांच्यापैकी काही जण शासनाच्या आस्थापनेवर आहेत, काही कंत्राटी आहेत, काहींना मानधन मिळते, काहींना केलेल्या प्रत्येक कामामागे ठरलेला मोबदला मिळतो, तर काहींचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही. तरीही रुग्णालयाच्या दाराबाहेर जी आरोग्यसेवा चालते ती याच माणसांच्या हातांनी चालते, आणि तिची गुणवत्ता या माणसांना काय येते, ते त्यांना कोणी व कसे शिकवले आणि शिकलेले वापरण्याची मुभा त्यांना किती आहे, या गोष्टींवर ठरते.

या मनुष्यबळाच्या प्रशिक्षणाविषयी शासकीय अहवालांत जे लिहिले जाते त्याचा सूर बहुधा उणिवेचा असतो. कर्मचाऱ्यांना पुरेसे ज्ञान नाही, म्हणून प्रशिक्षणाचे आणखी दिवस हवेत, आणखी पुस्तिका हव्यात, असा तो सूर. ज्ञानाची उणीव अनेक ठिकाणी आहे यात शंका नाही, परंतु महाराष्ट्रातील गेल्या पाच दशकांचा अनुभव पाहता खरी अडचण दुसरीकडे दिसते. या कामातले सर्वांत अवघड कसब, म्हणजे परक्या घरात विश्वासाने प्रवेश मिळवणे, सासूसमोर सुनेच्या आजाराविषयी बोलणे, आणि कोणते मूल आता, याच घटकेला, दवाखान्यात न्यायला हवे हे ओळखणे, ते कसब म्हणून मोजलेच गेले नाही. ते बायकांच्या अंगी उपजतच असते असे गृहीत धरले गेले; त्यामुळे ते शिकवण्याची गरज वाटली नाही आणि त्याचे दाम देण्याचीही वाटली नाही. पुढील विवेचनाचा मुख्य धागा हाच आहे.

या प्रश्नाची मुळे स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात जातात. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणीकृत डॉक्टर सुमारे ४७ हजार होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३० हजार पदवीधर नसून परवानाधारक, म्हणजे कमी मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम पूर्ण केलेले होते. प्रशिक्षित परिचारिका तर अवघ्या सात हजारांच्या आसपास होत्या. समितीने परवानाधारकांचा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा अशी शिफारस केली. समितीतील काही सदस्यांनी या मुद्द्यावर मतभेद नोंदवला होता, कारण खेड्यांना लागणारे डॉक्टर पदवी अभ्यासक्रमातून लवकर मिळणार नाहीत हे त्यांना दिसत होते. दर्जा उंचावण्याचा हेतू चांगलाच होता. पण डॉक्टर आणि अप्रशिक्षित माणूस यांच्या मधली पायरी त्यातून नाहीशी झाली, आणि पुढची कित्येक दशके ती वेगवेगळ्या नावांनी पुन्हा बांधण्याचा खटाटोप चालू राहिला.

१९५२ मध्ये समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. त्या काळात हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा प्रत्येक कार्यक्रमाचा कर्मचारी वेगळा असे, आणि एकाच घराच्या दारात महिन्याभरात चार जण चार वह्या घेऊन येत. १९७३ मध्ये करतार सिंग समितीने ही पद्धत मोडून बहुउद्देशीय कर्मचाऱ्याची कल्पना मांडली, म्हणजे ठराविक लोकसंख्येसाठी एक स्त्री व एक पुरुष कर्मचारी नेमून सर्व प्राथमिक कामे त्यांच्याकडे सोपवावीत. आजची उपकेंद्राची रचना, ज्यात सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, याच विचारावर उभी आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ती सोयीची ठरली, परंतु एका कार्यक्रमात मुरलेल्या माणसाला थोड्या दिवसांच्या वर्गातून सर्व कार्यक्रमांचा जाणकार करता येते हा समज तिच्यात होता, आणि तो समज पुढे प्रत्येक नव्या योजनेत आपोआप उतरत गेला.

१९७५ च्या श्रीवास्तव समितीने आणखी एक पाऊल पुढे टाकून गावातल्याच माणसांमधून अर्धवेळ आरोग्य कार्यकर्ते तयार करावेत असे सुचवले, आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने तशी योजना सुरू केली. निवडलेल्या व्यक्तीला तीन महिन्यांचे प्रशिक्षण, नंतर दरमहा ५० रुपये मानधन आणि तेवढ्याच किमतीची औषधे असे तिचे स्वरूप होते. पुढच्या वर्षी अल्मा आटा येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला त्याच्याशी हे धोरण जुळणारे होते. तरीही योजना टिकली नाही. निवड गावातील वजनदार मंडळींच्या हातात गेली, निवडले गेले ते बहुतांश पुरुष, माता आणि बालकांच्या कामासाठी त्यांना घरात प्रवेश मिळणे कठीण होते, आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्याकडे वळून पाहणारे कोणी नव्हते. औषधाच्या पेटीचा आधार घेऊन काहींनी खासगी दवाखाने थाटले, काहींनी नोकरीत कायम करण्यासाठी न्यायालयाची वाट धरली, आणि योजना हळूहळू विझत गेली.

ही राष्ट्रीय योजना आखली जाण्यापूर्वीच महाराष्ट्रात निराळा धडा गिरवला गेला होता, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवून पाहिले. पण बाहेरून आलेल्या, वेगळ्या राहणीच्या तरुण मुलींना गावाने आपले मानले नाही. मग गावातल्याच स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या, पुष्कळ जणी दलित समाजातील होत्या, काही टाकलेल्या किंवा विधवा होत्या. त्यांना एकदाच काही महिने शिकवून परत पाठवण्याची पद्धत जामखेडने स्वीकारली नाही. या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगत, आणि त्यातूनच पुढचा पाठ निघे. एकीच्या गावातले जुलाबाचे मूल दगावले असेल तर सगळ्या जणी त्या मुलाविषयी बोलत, मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण पुन्हा करून पाहत, आणि जिच्या गावात तसेच मूल वाचले असेल ती आपले सांगे.

या साप्ताहिक मुक्कामाचे महत्त्व वैद्यकीय पाठापुरते नव्हते. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया तेथे एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि आपल्या गावात ज्यांना पाणवठ्यावर मज्जाव होता त्या स्त्रिया गरोदर बाईची तपासणी करण्याचा आत्मविश्वास तेथून घेऊन जात. हा आत्मविश्वास अंगात आल्याशिवाय वरच्या आळीतील घरात शिरून बाळंतिणीला सल्ला देणे शक्य नव्हते, म्हणून तो प्रशिक्षणाचाच भाग मानला गेला. प्रकल्पाच्या क्षेत्रातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ च्या सुमारास हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते, ते नव्वदच्या दशकात तिसाच्या खाली आले. पाण्याची, शेतीची आणि पोषणाची कामेही त्याच काळात झाली असल्याने याचे सर्व श्रेय एका प्रशिक्षणाला देणे योग्य होणार नाही. पण अक्षरओळख नसलेली स्त्री कुशल आरोग्य कार्यकर्ती होऊ शकते, आणि त्यासाठी सततची भेट व बरोबरीच्यांकडून शिकणे लागते, एवढे जामखेडने निर्विवादपणे दाखवून दिले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास डॉ. नोशिर अंटिया यांनी अलिबागजवळच्या मांडवा परिसरात, डॉ. बानू कोयाजी यांनी पुणे जिल्ह्यातील वढू येथे आणि डॉ. पी. एम. शहा यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कासा येथे केलेली कामे याच जातकुळीची होती.

कौशल्य शिकवणे म्हणजे नेमके काय, याचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास गडचिरोलीत झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे सर्च ही संस्था स्थापन केली. लहान मुलांचे बरेच मृत्यू न्यूमोनियाने होत असल्याचे त्यांच्या पाहणीत दिसत होते, आणि न्यूमोनिया ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक असतील तर ती धोक्याची खूण मानली जाते. गावातील सुईणी, म्हणजे परंपरेने बाळंतपण करणाऱ्या स्त्रिया, हे काम करू शकल्या असत्या, कारण त्यांना प्रत्येक घराचा उंबरठा मोकळा होता. परंतु त्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांच्यासाठी एक साधे उपकरण तयार झाले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि त्याच्याबरोबर मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी व एक मोठ्या मुलांसाठी. सुईणीने दहा श्वास मोजावेत, एक मणी सरकवावा, पुन्हा दहा मोजावेत. वाळू संपण्यापूर्वी खुणेचा मणी सरकला तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करावे. दहापर्यंत मोजणारी स्त्री अशा रीतीने रोगनिदान करू लागली. कार्यकर्तीला येत नाही ते आधी शिकवत बसण्याऐवजी तिला जे येते त्याच्या जोरावर काम बेतावे, हा विचार त्या मण्यांमागे आहे, आणि प्रशिक्षणाच्या सर्व आराखड्यांत तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहिला आहे.

पुढे नवजात बालकांच्या सेवेकडे हे काम वळले. जिल्ह्यातील ३९ गावांत, थोडेफार शिक्षण असलेल्या स्थानिक स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवण्यात आले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते जवळपास होते तेथेच राहिले. आरोग्यदूत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रियांचे यश चर्चिले जाते तेव्हा इंजेक्शनचा उल्लेख हमखास होतो. पण प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने झाले, प्रत्येक टप्प्यानंतर गावात प्रत्यक्ष काम झाले, आणि पर्यवेक्षक डॉक्टर नियमाने गावात जाऊन त्या नोंदी त्याच बाळावर पडताळून पाहत, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. चुकीचे वजन लिहिले गेले तर ते पुढच्या भेटीत उघड होई आणि तेथेच सुधारले जाई.

या प्रयोगाच्या आधारे केंद्र शासनाने २०११ मध्ये गृहाधारित नवजात बालसेवा आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर लागू केली. आशा ही राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ मध्ये उभी राहिलेली, साधारण हजार लोकसंख्येमागे एक अशी नेमलेली गावातीलच स्त्री. देशात तिची संख्या आज दहा लाखांच्या घरात आहे आणि महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचे असते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते. या सर्व भेटी पूर्ण झाल्यावर तिला २५० रुपये मोबदला मिळतो. एवढ्या मोठ्या देशात ही सेवा पोहोचली ही लहान गोष्ट नाही. तथापि विस्तार होताना दोन गोष्टी गळून पडल्या: उपचाराचे अधिकार बहुतांशी कमी होऊन आशाचे काम तपासणे, सल्ला देणे आणि पुढे पाठवणे इतके उरले, आणि डॉक्टरने गावात येऊन पडताळणी करण्याची जागा गटप्रवर्तकाच्या भेटीने घेतली. गटप्रवर्तक म्हणजे साधारण वीस आशांच्या कामावर देखरेख करणारी कार्यकर्ती. तिचा बराच वेळ अहवाल गोळा करण्यात जातो आणि तिलाही पुरेसे प्रशिक्षण क्वचितच मिळते.

आशांच्या प्रशिक्षणाची रचना कागदावर निर्दोष आहे. सुरुवातीला तेवीस दिवसांचे टप्प्यांत विभागलेले प्रशिक्षण ठरले होते, नंतर सहाव्या आणि सातव्या पुस्तिकांद्वारे जीव वाचवणाऱ्या कौशल्यांसाठी पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या ठरल्या. प्रशिक्षकांनी राज्यात शिकायचे, त्यांनी जिल्ह्याच्या प्रशिक्षकांना शिकवायचे, त्यांनी तालुक्यात आशांना, अशी ही साखळी असते, आणि प्रत्येक कडीला मूळ आशयाचा थोडा भाग सांडतो हे ती चालवणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. तालुक्याच्या सभागृहात चाळीस स्त्रिया, एक फळा, दोन बाहुल्या आणि एक वजनकाटा असला तर प्रत्येकीच्या हाती तो काटा किती मिनिटे येणार? नवजात बाळाचे वजन झोळीच्या काट्यावर घेण्यासाठी आधी रिकाम्या झोळीसह काटा शून्यावर आणावा लागतो, तो डोळ्यांच्या उंचीला धरावा लागतो, बाळाची हालचाल थांबेपर्यंत वाट पाहावी लागते आणि मगच वाचन घ्यावे लागते; यांतील एकही पायरी चुकली तर १८०० ग्रॅमचे बाळ दोन किलोचे होऊन नोंदवहीत जाते आणि ज्याला जास्त भेटी मिळायला हव्यात ते बाळ साधारण बाळांत मिसळून जाते. हाताचे कसब हातानेच, पुन्हा पुन्हा, दुसऱ्या जाणत्या हाताच्या देखरेखीखाली शिकले जाते. व्याख्यानातून ते येत नाही हे कोणताही सुतार किंवा शिंपी सांगू शकेल, आणि त्यांच्या धंद्यात उमेदवारीची जी रीत आहे ती आरोग्यसेवेच्या या थरासाठी मात्र कधीच आखली गेली नाही.

बोलण्याचे कसब तर याहूनही अदृश्य. ते मोजता येत नाही, स्वभावावर अवलंबून असते, असा जो आक्षेप घेतला जातो त्याला सबळ उत्तर गोव्यातून मिळते. संगथ ही संस्था १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झाली. मानसिक आरोग्याचे औपचारिक शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार करता येईल का, याची पाहणी तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून केली. नैराश्याने ग्रस्त रुग्णांसाठी आणि घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी त्यांनी घडवलेल्या दोन संक्षिप्त उपचारपद्धतींचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले आणि दोन्ही उपयुक्त ठरल्या. येथे लक्षात घेण्याजोगी आहे ती त्यांची शिकवण्याची रीत. काही आठवड्यांच्या वर्गानंतर समुपदेशकांनी काही महिने उमेदवारी केली, रुग्णांच्या संमतीने संभाषणांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि ते समुपदेशकांच्या गटातच ऐकून ठरलेल्या मोजपट्टीवर गुण दिले गेले: रुग्णाला बोलू दिले का, प्रश्न मोकळा होता की होय-नाहीचा, सल्ला घाईने दिला का, रुग्णाच्या शब्दांत त्याचे म्हणणे परत मांडले का. आरंभी तज्ज्ञ गुण देत; पुढे सहकारी एकमेकांना गुण देऊ लागले आणि त्यांचे मूल्यमापन भरवशाचे ठरले. ज्याला आपुलकी म्हणून सोडून दिले जाते ते अशा प्रकारे लहान लहान कृतींत उलगडता येते, शिकवता येते, तपासता येते. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पाद्वारे आशांवर मानसिक ताण ओळखण्याची जबाबदारी आली आहे. कर्जबाजारी घरात जाऊन निराश माणसाला बोलते करण्याचे हे काम प्रश्नावली भरून घेण्याइतके सोपे समजणे त्या घरावर आणि आशावर दोघांवरही अन्याय करणारे आहे.

कामाचे स्वरूप दरम्यान झपाट्याने बदलले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या जवळ गेले. म्हणजे आशा ज्या मुख्य कामासाठी नेमली गेली ते बऱ्याच अंशी साध्य झाले, आणि तिच्याकडे आता रक्तदाब, मधुमेह, कर्करोगाची प्राथमिक चाचपणी, क्षयरोग, वृद्धांची काळजी अशी कामे येत आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची जोखीम-तपासणी यादी तिने भरायची असते, ज्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजार यांना गुण दिले जातात. बाळंतपण नऊ महिन्यांत पार पडते. रक्तदाबाचा रुग्ण मात्र पुढची तीस वर्षे गोळ्या घेणार असतो, आणि काहीच त्रास होत नसताना रोज गोळी का घ्यायची हे त्याला दरमहा पुन्हा पटवावे लागते. पहिल्या कामासाठी लागणारी धावपळ आणि दुसऱ्यासाठी लागणारी चिकाटी ही निरनिराळी कसबे आहेत, आणि जुन्या पुस्तिकेला चार पाने जोडून दुसरे कसब येत नाही.

२०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. आयुर्वेद पदवीधर किंवा परिचारिका यांना सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम देऊन या पदावर नेमले जाते. भोर समितीच्या काळात मिटवली गेलेली मधली पायरी सत्तर वर्षांनंतर परत बांधली गेली असे याचे वर्णन करता येईल, आणि ते स्वागतार्ह आहे. मात्र एकाच छोट्या इमारतीत अधिकारी, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि आशा एकत्र आल्यावर कोणाचा शब्द कोठे चालतो, वीस वर्षे त्या गावांत फिरलेल्या आरोग्यसेविकेने नव्याने आलेल्या तरुण अधिकाऱ्याशी कसे जुळवून घ्यायचे, आणि त्या अधिकाऱ्याने तिच्याकडून काय शिकायचे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. कर्मचाऱ्यांना वेगवेगळ्या वर्गांत, वेगवेगळ्या वेळी शिकवून काम मात्र एका दमाने करण्याची अपेक्षा ठेवली जाते.

शहरांतील गृहसेवेची स्थिती याहून बिकट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्ती ९.९ टक्के होत्या, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के सरासरीहून अधिक. आणि तेव्हापासून हे प्रमाण वाढतच आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मुले परदेशी वा परगावी असलेल्या कुटुंबांना ब्युरोमार्फत सेविका मिळते, जिला घरात मावशी म्हणतात आणि जी बारा-बारा तास एकटीच रुग्णाजवळ असते. पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, नळीने अन्न देताना डोके उंच ठेवणे आणि नंतरही काही वेळ तसेच राहू देणे, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे, स्वतःच्या कमरेला इजा न होता रुग्णाला उठवून बसवणे, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने रागाने हात उगारला तर त्याला न दुखावता शांत करणे, ही सगळी शिकण्याची कामे आहेत. रुग्णसाहाय्यकाचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. परंतु पूर्वशिक्षण, फी आणि बुडणारा रोज या तिन्हींमुळे हे काम आधीपासून करणाऱ्या बहुतेक जणी त्यांपासून दूर राहतात. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक व आधार सेवेचे स्वतंत्र धोरण स्वीकारून स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत परिचारिकेची गृहभेट घडवून आणली, त्यात कुटुंबातील माणसे आणि शेजारचे स्वयंसेवक यांनाही शिकवले जाते. महाराष्ट्रातील शहरांनी त्याकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे.

मोबदल्याचा प्रश्न प्रशिक्षणाच्या चर्चेत आणणे काहींना अप्रस्तुत वाटते, परंतु तो येथेच आणला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत कामाचे स्वरूप आणि लागणारी कौशल्ये यांना अनुरूप वेतन द्यावे, आणि मोबदला मुख्यतः केलेल्या कामांच्या मोजणीवर आधारू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आशांचा मोबदला आरंभापासून मुख्यतः अशाच मोजणीवर उभा आहे. जी कामे यादीत आहेत त्यांना दर आहे. रात्री दोन वाजता बाळंतिणीबरोबर रुग्णवाहिकेत बसून जिल्हा रुग्णालयात रात्रभर थांबणे, किंवा लस नाकारणाऱ्या घरी चौथ्यांदा जाणे, यांना दर नाही आणि त्यांसाठी होणारी पदरमोड कोठे लिहिली जात नाही. साहजिकच जे मोजले जाते तेच शिकण्याकडे कल होतो. करोनाच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत याच स्त्रिया ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर गेल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला, आणि त्यानंतरही महाराष्ट्रातील आशांना वाढीव मोबदल्यासाठी संप करावा लागला. २०२४ मध्ये राज्य शासनाने मासिक मोबदल्यात पाच हजार रुपयांची वाढ केली. अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, त्यात त्यांचे काम अर्धवेळ आणि ऐच्छिक असल्याची जुनी समजूत न्यायालयाने स्वीकारली नाही. या घडामोडी प्रशिक्षणाशी थेट निगडित आहेत, कारण ज्या कामाला पूर्ण काम मानले जात नाही त्याचे पूर्ण प्रशिक्षणही कोणी आखत नाही.

भाषेचा एक मुद्दा येथे वेगळा मांडावा लागतो. प्रशिक्षणाचे साहित्य प्रमाण मराठीत असते, मोबाइलवरील नोंदणीची भाषा कित्येकदा त्याहूनही दूरची असते, आणि मेळघाटात घरात कोरकू, गडचिरोलीच्या दक्षिणेत माडिया, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली बोलीची रूपे बोलली जातात. तेथील आशा किंवा अंगणवाडी सेविका प्रत्येक गृहभेटीत मनातल्या मनात दुहेरी काम करते: सांगायचे ते घरच्या बोलीत सांगते, आणि ऐकलेले पुस्तिकेच्या भाषेत लिहिते. बाळ सुस्त आहे, बाळ नीट ओढत नाही, या खुणांसाठी त्या त्या बोलीत आया काय म्हणतात हे प्रशिक्षकांनी आधी गोळा करून पाठात घ्यावे, हे काम फार खर्चाचे नाही. ते झाले नाही याचे कारण, त्या आयांशी बोलणाऱ्या स्त्रीकडे शिकवण्याजोगे काही आहे हे मान्य झालेले नाही.

शिकवणाऱ्यांच्या निवडीचा प्रश्न यातूनच निघतो. तालुका आणि जिल्हा पातळीवरील प्रशिक्षकांत अनुभवी आशा आणि निवृत्त आरोग्यसेविका आज फार थोड्या दिसतात, कारण प्रशिक्षकासाठी पदवीची अट असते आणि पंधरा वर्षे गावात काम केल्याचे वजन त्या अटीत धरले जात नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशांना कौशल्य-प्रमाणपत्र देण्याची सोय झाली आहे. काही राज्यांनी परिचारिका अभ्यासक्रमांत आशांना प्रवेशासाठी प्राधान्यही दिले. परंतु प्रमाणपत्र मिळालेल्या आशाचे पद, अधिकार आणि मोबदला पूर्वीइतकाच राहिला तर त्या कागदाला ती काय करणार, आणि पस्तीस वर्षांच्या, दोन मुले असलेल्या स्त्रीने दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम कसा करावा, याची उत्तरे धोरणाने अजून दिलेली नाहीत. अर्धवेळ, कामाच्या जवळ, पगारासह चालणारा अभ्यासक्रम, त्याच्या शेवटी निश्चित वरचे पद, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर नव्या आशांना हाताशी धरून शिकवण्यासाठी जुन्या आशांची रीतसर नेमणूक, एवढ्या तीन गोष्टी एखाद्या जिल्ह्याने पाच वर्षे नेटाने करून पाहिल्या, तर त्या जिल्ह्यातील वजनांच्या नोंदी, रक्तदाबाच्या रुग्णांचे उपचारातील सातत्य आणि वेळेवर पुढे पाठवलेली बालके यांतील फरक मोजता येईल, आणि तो मोजण्याची साधने प्रत्येक आरोग्य केंद्रात आजही आहेत.